मुरुडच्या वाटेवरचे वजन आणि ब्रेक

पिकअपचे पुढचे ब्रेक करकरायला लागले की गाडीमालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचा. दुसरा भावाचा असतो. डिस्क बदलावी लागेल का, हा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा फिटरवर सोपवलेला असतो, आणि फिटरही मालकाचा चेहरा बघून उत्तर देतो. गाडीच्या हौद्यात रोज किती माल पडतो, हे मात्र गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. खरे तर पॅडचा मसाला कुठला घ्यायचा, डिस्क अजून चालेल की टाकायची, हे ठरवणारी मुख्य गोष्ट तीच आहे. माझे म्हणणे असे, की हे न विचारणे आजचे नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो लातूर–बार्शी वाटेवरच्या मुरुडसारख्या गावातून फार स्वच्छ दिसतो. (कोकणातले जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, हे बालाघाटच्या पठारावरचे, लातूर तालुक्यातले.) या वाटेवर दर वेळी नवे वाहन आले तेव्हा ओढायला सोपे झाले म्हणून माल वाढला, आणि वाढलेला माल थांबवायचा कसा हा विचार सगळ्यात शेवटी झाला. मधला एकच काळ असा होता की वजन आधी ठरले आणि बाकी सगळे त्यावरून. तो काळ रेल्वेचा.

आधी बैलगाडी. मुरुडहून ढोकीच्या पलीकडे गेले की तेर येते, जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दोन्ही पेठांची नावे आहेत. इथला माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जातो, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे पठारावरून ओझे उतरवण्याचा उद्योग या टापूत किमान दोन हजार वर्षांचा आहे. एवढ्या काळात गाडीचा ब्रेक काय होता? मुख्यतः बैल. उताराला लागले की दोन चाकांच्या गाडीचे वजन पुढे सरकून जुवावर येते आणि बैल मान ताठ करून, खुर रोवून ते धरतात. गाडीवान मागच्या बाजूला जाऊन बसतो, गाडी जराशी उलार करतो, म्हणजे बैलांच्या मानेवरचा भार हलका होतो. फार तीव्र उतार असेल तर चाकाला लाकूड घासत ठेवायचे किंवा चाकच दोराने बांधून फरफटत न्यायचे. पण याहून मोठा ब्रेक गाडीतच होता आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसे. लोखंडी धाव असलेले लाकडी चाक मातीत रुतत चाले, आस आणि तुंबा एकमेकांवर घासत. ओढताना जे बैलांच्या जिवावर येई तेच उताराला गाडी आवरून धरी.

पुढे रबरी टायरची गाडी आली, बेअरिंग आले. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला या टायरगाड्यांची रांग लागते. चाक हलके फिरू लागले म्हणून तेच दोन बैल आधीपेक्षा कितीतरी जास्त ऊस ओढू लागले. ही प्रगती म्हणूनच सांगितली जाते आणि सपाटीवर ती आहेही. पण घर्षण कमी झाले ते दोन्ही दिशांनी. ओढण्याचा त्रास गेला त्याबरोबर आवरण्याची फुकटची सोयही गेली, आणि वाढलेल्या मालाचा उतारावरचा रेटा आला तो पुन्हा त्याच दोन मानांवर. मी ज्याला इतिहास म्हणतो त्याचा साचा इथेच तयार झालेला दिसतो.

जगात इतरत्रही ब्रेकचा धंदा उताराच्या गाडीपासूनच सुरू झाला आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचे चामडे ठोकत, ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाने कापड आणि चिकट द्रव्ये वापरून घर्षणाचे अस्तर बनवायला घेतले. 1897 साली त्याचा कारखाना सुरू झाला, तोच पुढे फेरोडो. 1908 च्या सुमारास त्याने अस्तरात ॲस्बेस्टॉस आणले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सगळ्या जगाची वाहने त्यावर थांबली. योगायोग असा, की त्याच 1897 साली आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली.

या रेल्वेवर जरा थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथे आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी ही 2 फूट 6 इंच रुंदीची लाइन बांधली. पुढे ती ताडवळ्यापर्यंत आली, आणि 1911 मध्ये निजामाच्या मुलखात, मुरुडवरून लातूरला पोचली. दुसऱ्या टोकाला ती पंढरपूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. लोकांच्या आठवणीत ही गाडी आहे ती सावकाश चालणारी, उतरून पुन्हा चढता येणारी, वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेली अशी. पण अभियांत्रिकीच्या इतिहासात तिचे नाव दुसऱ्याच कारणाने आहे. कॅल्थ्रॉपने सगळ्यात आधी एक आकडा ठरवला: कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, सगळ्यांना एकच नियम. आठ जोडचाकांचे इंजिन का, तर ओढणाऱ्या चाकांवरचे वजन चार आसांवर वाटून प्रत्येकी 5 टनांत बसवायचे. मालडबा चार आसांचा, म्हणजे मालासकट 20 टन ही त्याची हद्द. रूळ यार्डाला फक्त 30 पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. एवढ्या हलक्या रुळावर 5 टनच पेलतात, जास्त नाही. 1896 मध्ये लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून त्याने ही सगळी गाडी चालवून दाखवली होती.

या एका आकड्यातून बाकीचे आकडे निघाले. पूल केवढा, चाक केवढे, आणि गाडी आवरायला किती जोर लागेल तेही. डब्याच्या अंगावर रिकामे वजन आणि भरायची क्षमता रंगवलेली असे. ज्याला माल चढवायचा त्याने ती वाचायची. ज्याला गाडी थांबवायची त्याला दर वेळी नवा अंदाज करावा लागत नसे. मुरुडच्या स्टेशनावर पोती चढवणाऱ्या हमालाला आणि ब्रेक सांभाळणाऱ्या गार्डाला एकमेकांचे नावही माहीत असण्याची गरज नव्हती. मधला आकडा दोघांचा समान होता.

इथे कुणी म्हणेल, की रेल्वेची आणि पिकअपची तुलना कशी होईल? रेल्वेला स्वतःचा रस्ता, स्वतःचा कारखाना, स्वतःचे नियम. शिवाय रूळ मोडण्याची भीती असल्याने वजनाची शिस्त तिला पाळावीच लागली, त्यात मोठेपणा कसला. हे खरे आहे. पण माझा मुद्दा रेल्वे सद्गुणी होती हा नाहीच. मुद्दा असा आहे, की वजनाची हद्द मोडली तर पहिला फटका ज्याला बसणार होता, तोच ती हद्द ठरवत होता. रूळ कंपनीचे, डबा कंपनीचा, ब्रेकही कंपनीचा. रस्त्यावर या तिघांची फारकत झाली. रस्ता सरकारचा, माल व्यापाऱ्याचा, गाडी आणि तिचा ब्रेक मालकाचा. व्यापाऱ्याने दहा पोती जास्त टाकली तर त्याचे काहीच झिजत नाही.

रस्त्यावरची मोटार इथे आली तेव्हा ही फारकत लगेच झाली नव्हती. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली, तीही रेल्वेचाच जोडविभाग म्हणून. संस्थान विलीन झाले, मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1961 पासून महामंडळाची एसटी आली. एसटीचे प्रवासी भरगच्च असत हे सांगायला नको, पण गाडीचा ब्रेक कधी उघडायचा हे ड्रायव्हरच्या खिशावर अवलंबून नव्हते. डेपो होता, किलोमीटर मोजले जात, चिकलठाण्याला मध्यवर्ती कार्यशाळा होती. रेल्वेच्या शिस्तीचा एक तुकडा असा रस्त्यावर शिल्लक राहिला. खाजगी ट्रकला तो लागू नव्हता. बार्शी लाइट सरकारने 1954 मध्ये विकत घेतली खरी, पण दारातून माल उचलून दारात टाकणाऱ्या ट्रकसमोर छोट्या रुळाची गाडी टिकण्यासारखी नव्हतीच. लातूरच्या आडत बाजाराची तूर, गूळ, पुढे सोयाबीन रस्त्याने जाऊ लागले. मोठी लाइन 2008 मध्ये कुर्डुवाडीपर्यंत पूर्ण झाली, तोवर मालाच्या सवयी रस्त्याच्या झाल्या होत्या.

ट्रकबरोबर ब्रेकचा एक पूर्ण गावरान धंदा उभा राहिला, आणि त्याची नीट नोंद व्हायला हवी. त्या काळातले ब्रेक ड्रमचे. चाकासोबत फिरणारा बिडाचा ड्रम, आत दोन अर्धगोल शू, शूवर रिबिटांनी ठोकलेले लायनर. लायनर झिजले की शू टाकून द्यायचे नसतात. मिस्त्री छिन्नीने जुनी रिबिटे उडवतो, शूचा पत्रा घासून साफ करतो, नवे लायनर बसवून मऊ धातूची रिबिटे मारतो. रिबिटाचे डोके लायनरच्या पृष्ठभागाच्या खाली बुडाले पाहिजे, नाहीतर ते ड्रम खाते. ड्रमला चरे पडलेले असतील तर लेथवर नेऊन एक हात फिरवायचा. ड्रमचा व्यास वाढला तर जाड लायनर घ्यायचे. शेवटी शूवर खडू फासून ड्रम फिरवायचा आणि कुठे लागते, कुठे नाही ते पाहून कानशीने उतरवायचे. या कामात निवड दुकानात होत नसे, मिस्त्रीच्या हातात होत असे. त्याला गाडी कोणाची आहे, ती उसाची आहे की वाळूची, बार्शीकडे जाते की नांदेडकडे, हे माहीत असे. म्हणजे वजनाचा प्रश्न कागदावरून गेला होता, पण मिस्त्रीच्या डोक्यात राहिला होता.

या धंद्याचे गुणगान करून थांबता येत नाही. लायनर ॲस्बेस्टॉसचे होते. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. त्या कंपनीचे नाव पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाले आणि तिचा एक कारखाना मराठवाड्यातच, त्या पेरिप्लसमधल्या पैठणला आहे. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो निकाल कारखान्यांपुरता होता. ड्रम उघडून तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या नळीने काळी धूळ उडवणाऱ्या गॅरेजातल्या पोराचा त्यात हिशेब नव्हता. म्हणून जुने ते सोने असे म्हणायला मी तयार नाही. डिस्क आणि बिन-ॲस्बेस्टॉसचे पॅड आले हे चांगलेच झाले.

मात्र ते आले ते नेमके वजनाची शिस्त सगळ्यात सैल होण्याच्या काळात. हलक्या मालगाडीची वंशावळ इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. 1958 पासून बजाज टेम्पोची तीनचाकी, मग मॅटॅडोर, 1986 चे टाटा 407, महिंद्रच्या जीपवरून निघालेल्या पिकअप, आणि मे 2005 मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. हा हत्ती पाऊण टनाचा होता, इंजिन दोन सिलिंडरचे, 16 अश्वशक्तीचे. पुढे डिस्क, मागे ड्रम. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. काही राज्ये ठरावीक पैसे घेऊन जादा माल नेण्याची मुभा देणारी कार्डे देत होती, ती बेकायदा ठरली. मोठ्या ट्रकवर दाब आला आणि लहान गाड्यांना बरकत आली. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध जोडण्याइतका पुरावा माझ्यापुढे नाही, पण एवढे दिसते की तपासणीचा डोळा मोठ्या गाडीवर राहिला आणि जादा माल लहान गाडीकडे सरकायला जागा झाली.

लहान गाडीत जादा माल कसा बसवतात? पाटे वाढवून. मागच्या आसावरच्या पाट्यांत एखाद-दोन पाने चढवली की भरलेली गाडी बसत नाही, सरळ उभी राहते. बघणाऱ्याला वाटते, गाडीची ताकद वाढली. वाढली ती फक्त पाट्याची. चाक, बेअरिंग, ब्रेक होते तेच. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक मालकांना कुणी सांगितलेली नसते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची एक दांडी मागच्या आसाला जोडलेली असते. माल पडला, चेसिस खाली आली, आस आणि चेसिसमधले अंतर कमी झाले की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. साधीच पण हुशार रचना आहे. कॅल्थ्रॉपच्या आकड्याचा हा धाकटा वंशज म्हणावा. ब्रेकला वजन सांगणारी गाडीतली ही एकमेव वस्तू. आता पाटे वाढवले की दोन टन माल भरूनही चेसिस खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे. तो मागचा दाब सोडत नाही आणि सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर जातो. मग पॅड लवकर संपतात, डिस्क निळी पडते, स्टिअरिंग थरथरते, आणि मालक म्हणतो, या कंपनीचे पॅड चांगले नाहीत.

ड्रमच्या काळात अशी गाडी मिस्त्रीकडे गेली असती तर त्याने लायनर ठोकतानाच पाट्याकडे बघून काहीतरी सुनावले असते. डिस्कने तो संवाद तोडला. पॅडचा मसाला कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन पत्र्यावर चिकटवलेला असतो. छिन्नी आणि रिबिटे घेऊन गॅरेजात तो नीट बसवता येत नाही. जुने काढायचे, नवे बसवायचे, अर्ध्या तासाचे काम. निवड मिस्त्रीच्या हातातून दुकानाच्या काउंटरवर गेली, आणि काउंटरवर खोक्याशिवाय बोलणारे काही नसते. खोक्यावर गाडीचे मॉडेल असते, वजन नसते. काही पॅडच्या कडेवर मात्र बारीक अक्षरे छापलेली असतात: ईई, एफएफ, जीएफ अशी. पहिले अक्षर थंड पॅडची पकड सांगते, दुसरे तापलेल्या पॅडची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर. रिकाम्या गाडीला पहिले अक्षर पुरते. भरलेली गाडी घाट उतरत असेल तर जीव दुसऱ्या अक्षरावर असतो. जुना मिस्त्री लायनर तापल्याचा वास घेऊन जे सांगत असे, तेच या दोन अक्षरांत आहे. फक्त ती वाचण्याची रीत अजून पडलेली नाही.

डिस्कचेही तसेच. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीतकमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. ड्रमच्या काळाची सवय अशी, की चरे पडले की लेथवर नेऊन एक हात फिरवायचा. ड्रम जाडजूड असतो, त्याला एखादा हात सोसतो, हद्द त्यालाही असते. डिस्कच्या दोन्ही अंगांनी कातायचे म्हणजे जाडी दुपटीने जाते. पातळ डिस्क चालते, थांबवतेही, पण उष्णता साठवायला तिच्यात लोखंडच उरत नाही. अनेक गाड्यांत डिस्क हबच्या मागे बोल्टने जखडलेली असते, काढायची तर बेअरिंग खोलावे लागते. म्हणून ‘या वेळी पॅडच टाकू, डिस्क पुढच्या वेळी’ असे ठरते. चरे पडलेल्या डिस्कवर नवा सपाट पॅड टाकला की तो नुसत्या उंचवट्यांवर टेकतो, आणि नव्या ब्रेकला जुन्याइतकीही पकड येत नाही. दोष पुन्हा खोक्याला.

आता मुख्य आक्षेप. ब्रेकचे काम वेगाशी असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि वजनाच्या साध्या पटीने. वेग दुप्पट तर काम चौपट, वजन दुप्पट तर काम दुप्पटच. मग सगळा दोष वजनावर का? सपाट रस्त्यापुरता हा आक्षेप बरोबर आहे, आणि मुरुड–लातूरसारख्या बऱ्याचशा सपाट पट्ट्यात वेग हाच पहिला गुन्हेगार. पण गाडी बार्शीकडे निघाली की येडशीपाशी पठार संपते आणि उतार लागतो. उताराचे गणित वेगळे आहे. तीन टनांची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून एकदा थांबवायला साधारण 4 लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तीच गाडी 100 मीटर उंचीचा उतार स्थिर वेगाने उतरली तर 29 लाख ज्यूलहून जास्त. म्हणजे ती सात वेळा 60 वरून उभी करावी, आणि मध्ये थंड व्हायला वेळ देऊ नये, तसे. यात वेगाचा वर्ग कुठेच येत नाही. उंची आणि वजन, बस्स. उतार तोच असतो, बदलते ते फक्त वजन. या उष्णतेचा 70 टक्के भाग प्रत्येकी 8 किलोच्या दोन डिस्कवर गेला असे धरले, तर वारा लागून जे थंड होईल ते सोडून डिस्कचे तापमान पावणेतीनशे अंशांहून जास्त चढते. वजन चार टन झाले तर पावणेचारशेच्या जवळ. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला इंजिनाची मदत मिळत नाही. इंजिनच बंद केले तर बूस्टरही दोन-तीन दाबांत संपतो. जुने ब्रेक ऑइल पाणी पिऊन बसलेले असते. डॉट 3 चे कोरे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हमी 140 वर येते. कॅलिपरमध्ये वाफ झाली की पेडल थेट खाली.

दुसरा आक्षेप बाजाराचा. नकली माल एवढा आहे, की खोक्यावरच्या नावावरही विश्वास ठेवता येत नाही. मग वजनाचा विचार करून तरी काय होणार? नकली माल आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नकली पॅडची चोरी पकडली जाते कधी? तो थंड असताना चांगलाच धरतो, दोन दिवस आवाजही करत नाही. तो उघडा पडतो वजन आणि उतार एकत्र आल्यावर, म्हणजे नेमके तेव्हा जेव्हा पकडून उपयोग नसतो. ज्या मालकाला आपले वजन माहीत आहे तो निदान हे ओळखतो, की पाऊण टनाच्या फेऱ्या करणाऱ्या शेजाऱ्याचा ‘मस्त चालतोय’ हा दाखला आपल्या कामाचा नाही. मोटारीला शांत चालणारे सिरॅमिक पॅड पिकअपला घालण्याचा मोह इथूनच येतो. आवाज कमी, धूळ कमी, सगळे खरे. पण भरलेल्या गाडीला धातूचा कीस मिसळलेला मसाला जास्त सोसतो. तो थोडा करकरतो, डिस्क थोडी जास्त खातो, आणि तापल्यावर धरून ठेवतो. डिस्क खाणे हा त्याचा दोष म्हणून सांगतात. या टापूत तो मी दोष मानणार नाही. डिस्क विकत मिळते.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो पैशाचा आहे. भाडे फेरीवर ठरते, डिझेल वाढते, बँकेचा हप्ता थांबत नाही. कायद्याने सांगितलेला माल नेला तर गाडी परवडत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये झाला, तरी माल कमी झालेला दिसत नाही, यावरून या आक्षेपात तथ्य आहे हे उघड आहे. मी त्याला उत्तर देणार नाही, कारण ते उत्तर गॅरेजात नाही, भाड्याच्या दरात आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की जाऊ द्या, स्वस्तातले टाका, तो मात्र उलटा आहे. जो सांगितल्याप्रमाणे माल भरतो त्याला कंपनीचे साधे पॅड चालतात. जो जास्त भरणारच आहे त्याला स्वस्त पॅड सगळ्यात महाग पडतात. पाटा वाढवायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडे डिस्कला नाहीत, हे हिशेबात बसत नाही.

राहिला प्रश्न वजन कळणार कसे. ते कळतेच, रोज. मोंढ्यात माल उतरण्याआधी गाडी काट्यावर चढते, उतरल्यावर पुन्हा चढते, आणि पावतीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि मालाचे निव्वळ वजन किलोपर्यंत छापून येते. व्यापारी त्यातला तिसरा आकडा घेतो, कारण पैसे त्यावर. पहिला आकडा, गाडीचे भरलेले एकूण वजन, कुणीच घेत नाही. आरसी पुस्तकावर गाडीचे परवानगीचे एकूण वजन लिहिलेले असते. एका हंगामाच्या पावत्या आरसीशेजारी ठेवल्या तर गाडी किती फेऱ्यांत किती जास्त चालली हे पाच मिनिटांत दिसते. त्यावरून पॅडचे दुसरे अक्षर एफच्या खाली नको हे ठरते, डिस्क दर पॅडबदलाला गेजने मोजायची की एकाआड एक ते ठरते, मागच्या व्हॉल्व्हची दांडी वाढवलेल्या पाट्यांप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यायची का की पानेच उतरवायची, तेही ठरते. पावत्या बहुतेक गाड्यांत सापडतात, डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली.